सातव्या गुंडाळीचे अस्तर

डाग आधी सुमतीबाईंनाच दिसला, आणि दिसताक्षणी तो कशाचा आहे हेही त्यांना कळले.

ख्राइस्टचर्चमध्ये नोबुको ओकाडांच्या घरामागच्या खोलीत लांब टेबलावर कवितेची सातवी गुंडाळी उलगडत होती. वरची दांडी नोबुकोंच्या हातात, खालची सुमतीबाईंच्या. खिडकीतून येणारे मार्चअखेरचे तिरके ऊन कागदावर पडले, काळ्या शाईच्या तीन ओळी उजळल्या, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, नोबुकोंच्या लाल शिक्क्याखाली, बोटाच्या पेराएवढा हिरवट-निळा धुरकट पट्टा दिसला. पहिल्या सहा गुंडाळ्या भिंतीवर एकीशेजारी एक टांगलेल्या होत्या, लोण्यासारख्या स्वच्छ.

"बुरशी आहे का?" हेदरने विचारले. ती जपान-मैत्री मंडळाची सचिव. तीन आठवड्यांवर आलेल्या प्रदर्शनासाठी गुंडाळ्यांची यादी करायला ती सकाळीच आली होती.

नुसती मान हलवली असती तरी सुमतीबाई सुटल्या असत्या. बुरशी कुणाच्याही घरात येते, तिला कुणी आईबाप विचारत नाही.

"बुरशी नाही," त्या म्हणाल्या. "कॉपर सल्फेट. मी घातलं. खळीत."

मोरचुदाचे इंग्रजी नाव त्यांना डब्यावरून पाठ झाले होते. मुलाने परसातल्या लिंबाच्या झाडासाठी तो डबा आणून ठेवला होता.

नोबुकोंनी वरची दांडी टेबलावर ठेवली. त्र्याऐंशी वर्षांची ती ठेंगणी बाई वाकून कोपऱ्याकडे पाहत राहिली. उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि नेहमीसारखा थरथरत होता. गेल्या हिवाळ्यापूर्वी लिहिलेले हे सात कागद म्हणजे त्या हाताचे शेवटचे काम, हे खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होते. यातला एक गेला, तर तो पुन्हा लिहिला जाणार नव्हता.

हेदरने यादीवर सातव्या आकड्यापुढे आडवी रेघ ओढली. ओरडण्याबिरडण्याचा तिचा स्वभावच नव्हता. सहा गुंडाळ्यांचेही प्रदर्शन सुंदर होईल, ती म्हणाली. ही सातवी वेलिंग्टनच्या तज्ज्ञाकडे पाठवू, आणि खात्री करून घ्यायला बाकीच्या सहाही उद्या घेऊन जाऊ. मग सुमतीबाईंकडे वळून तिने अगदी मऊ आवाजात सांगितले, "तुम्ही खूप मदत केलीत. आता तुम्ही विश्रांती घ्या."

विश्रांती हा शब्द सुमतीबाईंना लागला. एखाद्या म्हाताऱ्या बैलाला दावणीला बांधताना मालक पाठीवरून हात फिरवतो, तसा तो शब्द होता.

*

सुमती गणपत दळवी या नारायण पेठेतल्या बाळासाहेबांच्या बाइंडिंगखान्यात एकतीस वर्षे कामाला होत्या. तिथला नियम साधा होता: बायकांनी छापील फर्म्यांच्या घड्या घालायच्या आणि त्या दोऱ्याने एकत्र शिवून जुजबंदी करायची, खळ, पुठ्ठा आणि कापड पुरुषांचे. एका मे महिन्यात शाळेच्या पुस्तकांची घाई आणि तीन कारागीर एकदम तापाने आडवे, अशी वेळ आली तेव्हा सुमतीने न विचारता पातेले चुलीवर चढवले. तिची खळ गाठीशिवाय उतरली. त्या दिवसापासून बाळासाहेब म्हणत, "खळ सुमतीचीच हवी." पण पुस्तकावर लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, छापखान्याचे नाव असे; बांधणाऱ्याचे नाव कुठेच नसे, मग खळ शिजवणारीचे कुठून असणार?

त्या खळीत मोरचूद असायचाच. नाहीतर पहिल्याच वर्षी कागद खाणारी कसर लागायची. हरभऱ्याएवढा खडा, गरम पाण्यात विरघळवून. खळीत मोरचूद नाही म्हणजे आमटीत मीठ नाही.

मुलगा गुरुदत्त ख्राइस्टचर्चला इंजिनिअर होता. जुन्या इमारती पुढच्या भूकंपात किती तग धरतील हे तपासून त्याचे अहवाल लिहिणे हे त्याचे काम. "आई पब्लिशिंगमध्ये होती," असे तो मित्रांना सांगे. सुमतीबाई ऐकून गप्प बसत.

नोबुकोंची ओळख नातीमुळे झाली. सिद्धीला त्यांच्या शनिवारच्या जपानी ब्रशलेखनाच्या वर्गात घातले होते, तिला सोबत म्हणून सुमतीबाई जात. तीन शनिवारांत सिद्धी कंटाळली. सुमतीबाई मात्र जात राहिल्या, ब्रश धरायला नव्हे, कागद पाहायला. एके दिवशी नोबुकोंनी डकवलेला कागद सुरकुतला तेव्हा सुमतीबाई उठल्या, कागदाचा एक तुकडा फाडला, जिभेने ओला केला आणि तळहातावर ठेवला. तुकडा एका बाजूने गोल वळला. त्यांनी बोटाने दाखवले: तंतू या दिशेने धावतात, तुम्ही आडवे चिकटवलेत. नोबुकोंनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. वर्गातली दहा माणसे पाहत राहिली.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत नोबुकोंच्या सातही कवितांना पाठीमागून अस्तर लावणे, कापडी काठ जोडणे, दांड्या बसवणे ही कामे दोघींनी मिळून केली. नोबुको सांगत, सुमतीबाई करत. दोघींचे इंग्रजी मोडके होते, पण मोडकेपणाच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून एकीचे अडले की दुसरीचे पुढे सरके. खळ गव्हाच्या सत्त्वाची, बाकी काही नाही, असे नोबुकोंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. सहा गुंडाळ्या तशाच झाल्या. फेब्रुवारीत मात्र उन्हाने खळीला वास आला आणि कपाटात एक चंदेरी कसर पळताना दिसली. सुमतीबाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवीतून खडा आणला. विचारायचे त्यांच्या मनातही आले नाही. आमटीत मीठ घालताना कुणी विचारते का?

*

"आई, तुला कुणी सांगितलं होतं त्यात काही घालायला?" संध्याकाळी जेवताना गुरुदत्तने विचारले.

"कुणी नाही. सवयीने घातलं."

"अगं, ते पुस्तक नाही, आर्टवर्क आहे. उद्या कुणी जबाबदारी कुणाची म्हणून विचारलं तर?"

"तर माझी म्हणेन."

"नको ना म्हणूस. तेच सांगतोय." त्याने वाटी बाजूला सारली. "हे बघ, मी हेदरला मेल केलाय मघाशी. तुझ्या वतीने. सॉरी म्हटलंय, आणि तू यातून बाहेर पडतेयस असंही कळवलंय. तू काही केलंस असं कुठे लिहिलेलं नाही. मटेरियलमुळे डिस्कलरेशन झालं, एवढंच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे साहित्यामुळे रंग बदलला."

"साहित्य आपल्या पायांनी चालत गेलं का खळीत?"

सून मनाली हसली आणि हसू लपवायला पाणी आणायला उठली. सिद्धीने मान वर केली. "आजी, डिड यू रुइन इट?"

"हो. थोडं."

"कॅन यू फिक्स इट?"

सुमतीबाईंनी घास तसाच हातात धरला. सकाळपासून कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. खळ लागून सहा आठवडे झाले होते. सहा वर्षे झाली असती तर अस्तर आणि कागद एकजीव झाले असते. सहा आठवड्यांची खळ पाणी ओळखते.

"हो," त्या म्हणाल्या. "येईल."

"देन फिक्स इट," सिद्धी म्हणाली आणि पुन्हा भाताकडे वळली.

"आई, प्लीज," गुरुदत्तचा आवाज उतरला. "आणखी काही झालं तर? मला तुझीच काळजी आहे. लोक बोलतील, तू मनाला लावून घेशील."

"मनाला लागायचं ते लागलंय. माझ्या नावाने तू लिहिलंस आणि मला वाचूनही दाखवलं नाहीस." त्यांनी घास तोंडात घातला, शांतपणे चावला. "उद्या सकाळी मी नोबुको-सानकडे जाणार आहे."

"उद्या मला साइटवर जायचंय, सोडता येणार नाही."

"बस आहे की."

बसने त्या एकट्या कधीच गेल्या नव्हत्या. हे दोघांनाही माहीत होते, आणि दोघांनीही ते बोलून दाखवले नाही.

*

ड्रायव्हरला त्यांनी इतरांचे ऐकून "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि पुढच्याच सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. पिशवीत दोन मऊ ब्रश, पाणी फवारायची बाटली, एकतीस वर्षे वापरून गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी आणि मनालीने सकाळी न बोलता हातात ठेवलेले टिपकागदाचे पुडके. नदीकाठचे पॉपलर पिवळे पडू लागले होते. एक थांबा आधीच उतरल्या, तेवढे अंतर चालल्या.

नोबुको खोलीतच होत्या. टेबलावर गुंडाळी होती आणि तिच्याशेजारी छापून काढलेला मेल.

"हेदरने पाठवला. हे तुम्ही लिहिलं?"

"नाही. मुलाने."

"इंग्रजी छान आहे."

"हो. शाळेपासून त्याचं इंग्रजी चांगलंच आहे."

नोबुकोंच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांमधून काहीतरी हलले. त्यांनी मेलचा कागद उलटा केला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मग त्या गुंडाळीवरच्या ओळींवरून, कागदाला न शिवता, बोट फिरवत म्हणाल्या, "ही कविता माझ्या गुरूंनी परत पाठवली होती. चाळीस वर्षांपूर्वी. जपानहून, पोस्टाने. लाल शाईत लिहिलं होतं: ऋतू चुकला."

कवितेचा अर्थ त्यांनी पूर्वी एकदा सांगितला होता आणि सुमतीबाईंनी तो मनातल्या मनात मराठीत जुळवून ठेवला होता:

एप्रिलमध्ये पाने गळतात.
हा वसंत आहे
असे मला कुणी सांगू नये.

तिकडच्या कवितेत एप्रिल म्हणजे फुलांचा बहर, हा शतकांचा नियम. इकडे एप्रिलमध्ये झाडे उघडी पडतात. गुरूंनी सांगितले होते, लिहायचे तर नियमाने लिही. नोबुकोंनी गुरूंना कविता पाठवणे थांबवले आणि इथल्या डोंगरांवर, इथल्या वाऱ्यावर, इथल्या महिन्यांत लिहीत राहिल्या. सुमतीबाईंना यातले सगळे कळत होते असे नाही, पण हे पुरते कळले होते. आठवड्यापूर्वीच पाडवा झाला. अंगणात पिवळी पाने पडत असताना पुण्याचे गुरुजी फोनवरून संकल्प सांगत होते, "वसंत ऋतौ, चैत्र मासे." सुमतीबाईंनी पळीभर पाणी सोडले खरे, पण लोकरीचा स्वेटर घालून वसंताचे स्वागत करताना त्यांना कुणीतरी आपल्याकडून खोटी सही करून घेतल्यासारखे वाटले होते.

"नेमकी हीच मी बिघडवली," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी अस्तर काढते. आज. शाई आधी तपासते. शाई हलली, तर हात लावणार नाही."

"वेलिंग्टनचा माणूस चांगला आहे," नोबुको म्हणाल्या. "पण त्याची रांग दोन वर्षांची आहे. मी त्र्याऐंशीची आहे." मग त्यांनी उठून दाराची फट बंद केली, म्हणजे वारा येऊ नये.

काठ आणि दांड्या सोडवायला दोन तास गेले. शाईच्या एका थेंबावर ओला कापूस ठेवून सुमतीबाईंनी शंभरपर्यंत आकडे मोजले. कापूस पांढराच राहिला. मग त्यांनी कागद पालथा घातला, पाण्याचा बारीक फवारा मारला आणि बसून राहिल्या. या कामात बसून राहणेच सर्वांत अवघड. बाइंडिंगखान्यात नवी मुले इथेच घाई करत आणि कागद फाडत.

पाणी मुरून अस्तर गडद झाले होते आणि त्याचा एक कोपरा सुटला होता, तेवढ्यात हेदर खोकी घेऊन आली. दारातच थांबली.

"हे काय चाललंय? मला तर मेल आला होता की तुम्ही..."

"तो मेल माझा नाही," सुमतीबाई मान वर न करता म्हणाल्या. "माझं म्हणणं हे आहे."

"कृपा करून थांबा. अजून काही बिघडायच्या आत."

"आता थांबले तर बिघडेल. अर्धा ओला, अर्धा कोरडा कागद फाटतो."

हेदरने नोबुकोंकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मंडळासमोर उत्तर तिला द्यायचे होते. "नोबुको, तुम्ही परवानगी दिलीत?"

"हेदर," नोबुको म्हणाल्या, "चहा ठेवाल का? तिघींचा."

क्षणभर वाटले, ती खोकी आपटून निघून जाईल. मग तिने खोकी भिंतीशी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

अस्तर त्यांनी ओढले नाही. हाडाच्या पट्टीवर सुटलेला कोपरा गुंडाळला आणि पट्टी एकेक बोट मागे लोटत गेल्या, पोळी लाटण्याहून हलक्या हाताने. शिक्क्यामागे खळ जाड लागली होती. तिथे अस्तर अडले. त्यांनी पुन्हा फवारा मारला आणि थांबल्या. हेदर कप घेऊन आली आणि कप हातात धरूनच उभी राहिली. पुन्हा पट्टी सरकली. शेवटी अख्खे अस्तर एका तुकड्यात उठून आले, आणि मूळ कागद पाण्याने पारदर्शक होऊन टेबलावर शांत पडून राहिला. काळ्या ओळी जागच्या जागी होत्या.

मग टिपकागद. पहिला निळसर निघाला, दुसरा फिकट, पाचवा जवळजवळ कोरा. तरी कोपऱ्यात धुरासारखी एक छटा उरलीच. नवव्या टिपकागदानंतरही ती तेवढीच राहिली, तेव्हा सुमतीबाईंनी हात आखडता घेतला.

"केवढं निघालं," हेदर हळूच म्हणाली. चहा गार झाला होता. तिने वाकून कोपरा पाहिला. "उरलेलं काठाखाली झाकता येईल ना? बोटभर काठ आत घेतला तर कुणाला दिसणारही नाही. म्हणजे सातही टांगता येतील."

तोडगा वाईट नव्हता. एकतीस वर्षांत सुमतीबाईंनी असे किती डाग अस्तराखाली झाकले होते, त्याची गणती नव्हती. नोबुको त्यांच्याकडेच पाहत होत्या. काठ किती घ्यायचा हे बांधणाऱ्याने ठरवायचे, हा तिकडचा रिवाज त्यांनीच सांगितला होता.

"नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "झाकायचं नाही. झाकलं तर पुढे कधी कुणी हे उघडेल, त्याला कळणार नाही हे कशाने झालं. तो पुन्हा चुकेल."

हेदर काही बोलणार होती. नोबुको उठल्या, कपाटातून एक जुनी तुटकी दांडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांच्या वडिलांच्या घरातल्या गुंडाळीची ती दांडी. तिच्या लाकडावर, कापडाखाली कायम झाकल्या जाणाऱ्या बाजूला, पुसट अक्षरे होती. बांधणाऱ्याचे नाव आणि साल, नोबुकोंनी सांगितले. शंभर वर्षांनी गुंडाळी दुरुस्तीला उघडली तेव्हा दिसले. ते फक्त पुढच्या बांधणाऱ्यासाठी असते. बाकी कुणी ते वाचत नाही.

सुमतीबाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"यादीत सातवा आकडा पुन्हा लिहा," नोबुको हेदरला म्हणाल्या.

*

नवे अस्तर, काठ, आणि फळीवर ताणून वाळवणे यात अडीच आठवडे गेले. सुमतीबाई रोज बसने गेल्या. खळ केली ती गव्हाच्या सत्त्वाची आणि पाण्याची, आणि वास यायच्या आत रोज नवी केली.

शेवटच्या शनिवारी गुरुदत्त त्यांना न्यायला आला. दोघींनी त्याला चपला काढायला लावल्या आणि आत बोलावले. गुंडाळी टेबलावर होती; खालची दांडी तेवढी बसवायची राहिली होती. सुमतीबाई तिच्या उघड्या लाकडावर बारीक ब्रशने लिहीत होत्या. त्याने खांद्यावरून वाचले आणि त्याचा चेहरा बदलला.

"आई, हे कशाला? आता दिसत नाहीये जवळपास. हे कायम राहील."

"राहू दे."

"तुझं नाव, आणि खाली चूक. लोक नाव लिहितात ते चुकीसाठी नाही लिहीत."

"तू लिहितोस की. परक्यांच्या भिंतीतली चीर केवढी, कुठे, कशाने, सगळं अहवालात लिहितोस आणि खाली सही करतोस. मालकाला आवडत नाही म्हणून सोडतोस का?"

गुरुदत्तने सातव्या गुंडाळीच्या कोपऱ्यावर नजर टाकली, पुन्हा लाकडाकडे पाहिले. "मराठीत लिहिलंयस. शंभर वर्षांनी इथे हे वाचणार कोण?"

"ज्याला गरज पडेल तो विचारत जाईल कुणालातरी. मी नाही का रोज विचारत विचारत बसने आले?"

नोबुको कोपऱ्यातल्या खुर्चीवर थरथरता हात दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हते, पण वाद कशाचा आहे हे कळत होते, आणि त्या मध्ये पडल्या नाहीत.

दांडी गोल होती, लिहिताना टेबलावरून घरंगळत होती. सुमतीबाई एका हाताने ती दाबू पाहत होत्या. गुरुदत्त पुढे झाला, खाली वाकला आणि त्याने दांडी दोन्ही बाजूंनी घट्ट धरली.

"लिही," तो म्हणाला. "आणि आडनावही घाल. अर्धवट नको."

सुमतीबाईंनी ब्रश पुन्हा शाईत बुडवला. चुकलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा ब्रश फिरवायचा नाही, हा वर्गातला पहिला नियम होता. एक वेलांटी वाकडी आली. त्यांनी ती तशीच ठेवली. लिहून झाल्यावर शाई वाळू दिली, खळ लावली, आणि कापड त्या अक्षरांवरून ओढून घेण्यापूर्वी सगळे एकदा वाचले:

"सुमती गणपत दळवी, बाइंडिंगखाना, नारायण पेठ, पुणे. पहिल्या अस्तराच्या खळीत मी मोरचूद घातला. कोपऱ्यातला डाग त्याचा. चूक माझी. ते अस्तर काढून दुसरे लावले आहे. आताच्या खळीत गहू आणि पाणी, दुसरे काही नाही. उघडायची वेळ आली तर पाण्याने सुटेल. घाई करू नये."